फोनशी खोटं, नेटवर्कशी खरं

चेक प्रजासत्ताकातल्या ब्लाडॉक्स नावाच्या छोट्या कंपनीच्या मालाला २००७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अचानक परदेशातून मागणी येऊ लागली. माल म्हणजे टर्बोसिम: कागदासारखी पातळ पट्टी आणि तिला चिकटलेली एक चिप. ही पट्टी सिमकार्ड आणि फोन यांच्या मध्ये बसवायची. चिपला जागा हवी, म्हणून सिमकार्डाच्या प्लास्टिकचा एक तुकडा कापून काढायचा. कंपनीने ती बनवली होती प्रोग्रामर लोकांसाठी. सिमवर आणखी काही मेनू, काही छोट्या सोयी चढवता याव्यात एवढाच तिचा उद्देश. पण आता ती मागवणाऱ्यांना मेनूशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या हातात आयफोन होता आणि त्यांच्या देशातलं सिमकार्ड तो स्वीकारत नव्हता.

आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीला आला. चार जीबीचा ४९९ डॉलरला, आठ जीबीचा ५९९ डॉलरला. तो वापरायचा तर एटी अँड टी या एकाच कंपनीची सेवा घ्यायची, तीही दोन वर्षांच्या कराराने. फोनला असं कुलूप लावण्याची चाल तेव्हाही जुनीच होती. मोबाइल कंपन्या तिचं समर्थन असं करत: फोन आम्ही पदरमोड करून स्वस्तात देतो, ते पैसे महिन्याच्या बिलातून वसूल करतो, गिऱ्हाईक मध्येच दुसरीकडे गेलं तर आमचे पैसे बुडाले. या म्हणण्यात तथ्य आहे. पण पहिल्या आयफोनला ते लागू पडत नव्हतं. त्याची पूर्ण किंमत गिऱ्हाइकाने दुकानातच मोजलेली असे. शिवाय त्याच्या मासिक बिलातला काही वाटा एटी अँड टीकडून ॲपलला मिळत होता. कुलूप राखत होतं ते हे उत्पन्न. पुढे सात वर्षं जी ओढाताण चालली तिचं मूळ इथे आहे.

मुळात सिमकार्डाची कल्पनाच अशा बांधिलकीच्या उलट होती. युरोपात मोबाइल नेटवर्कची जीएसएम ही मानकं ठरली आणि १९९१मध्ये फिनलंडमध्ये त्यावरचं पहिलं व्यापारी नेटवर्क सुरू झालं, तेव्हा ग्राहकाची ओळख फोनमधून काढून एका कार्डात ठेवण्याचा मोठा निर्णय अमलात आला. फोन कुठलाही असो, कार्ड घातलं की तो तुमचा. खातं कार्डात, यंत्र वेगळं. आपल्याकडे हे आपण इतकं सहज स्वीकारलं की त्याचं मोल जाणवत नाही. फोन एका दुकानातून घ्यायचा आणि सिम कोपऱ्यावरच्या टपरीवरून, हीच आपली रीत. भारतात याला मोठा अपवाद होता तो रिलायन्सच्या सीडीएमए फोनचा. २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून लोकांनी ते घेतले. त्यात कार्डच नव्हतं, नंबर फोनमध्येच कोरलेला. अमेरिकेत मात्र कार्ड असलेले फोनही कुलूपबंद मिळत. जीएसएमच्या मानकांतच या कुलपाची सोय नंतर लिहिली गेली होती.

हे कुलूप तपासतं काय, ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी गंमत तिथेच आहे. प्रत्येक सिमकार्डात पंधरा आकड्यांपर्यंतची एक ओळख असते. तिला आयएमएसआय म्हणतात. हा आपला फोन नंबर नव्हे. तो लोकांसाठी, आणि ही नेटवर्कसाठी. तिचे पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे, आणि उरलेले ग्राहकाचे. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५. मुंबईत हचचं, म्हणजे पुढे व्होडाफोन झालेल्या कंपनीचं कार्ड असेल तर ओळखीची सुरुवात ४०४-२० अशी. एटी अँड टीची सुरुवात ३१०-४१० अशी. आयफोनमध्ये रेडिओचं काम बघणारा एक स्वतंत्र प्रोसेसर होता, त्याला बेसबँड म्हणतात. फोन सुरू झाला की बेसबँड कार्डातून आयएमएसआय वाचून घेई. सुरुवातीचे आकडे एटी अँड टीचे असतील तर पुढे जा. नसतील तर थांब. कुलूप म्हणजे एवढंच.

यानंतर होतं ते नेटवर्कमधलं लॉगिन, आणि ते फार काटेकोर असतं. फोन आपली आयएमएसआय हवेतून कळवतो. नेटवर्क आपल्या नोंदवहीत ती शोधतं आणि उलट एक यादृच्छिक संख्या पाठवतं. कार्डाच्या आत एक गुप्त किल्ली असते, तिला केआय म्हणतात. ती कार्डाबाहेर कधीच येत नाही. कार्ड त्या संख्येवर किल्लीने गणित करतं आणि फक्त उत्तर बाहेर देतं. तीच किल्ली कंपनीच्या केंद्रातही असते. तिथेही तेच गणित होतं. दोन्ही उत्तरं जुळली की ग्राहक खरा. मग नेटवर्क त्याला एक तात्पुरती ओळख बहाल करतं, तिला टीएमएसआय म्हणतात. आयएमएसआय वारंवार हवेत फिरू नये, कुणाला कुणाचा माग काढता येऊ नये, म्हणून ही काळजी.

म्हणजे ओळख दोनदा विचारली जाते. एकदा फोनच्या आत, कुलपासाठी. दुसऱ्यांदा नेटवर्ककडे, खात्यासाठी. पहिल्या वेळी कुठलाही पुरावा मागितला जात नाही; कार्ड सांगेल ते बेसबँड मानतो. दुसऱ्या वेळी किल्लीशिवाय कुणाचंच काही चालत नाही. इमारतीच्या फाटकावरच्या रखवालदाराने नुसतं नाव विचारून आत सोडावं आणि वर तिजोरीपाशी मात्र सही, अंगठा, सगळं पडताळावं, तसं हे. टर्बोसिमचा प्रोग्राम नेमका या दोन क्षणांच्या मध्ये उभा राहिला. बेसबँडने कुलपासाठी आयएमएसआय वाचली की पट्टी एटी अँड टीची ओळख पुढे करी. बेसबँडचं समाधान होई. नंतर लॉगिनसाठी तोच आकडा पुन्हा वाचला गेला की पट्टी बाजूला होई आणि खऱ्या कार्डाची खरी ओळख पुढे जाऊ देई. नेटवर्कचा प्रश्न आला की तो तसाच कार्डाकडे, कार्डाचं उत्तर तसंच नेटवर्ककडे.

या युक्तीत चोरी कुणाची झाली, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे, आणि दर वेळी उत्तर एकच येतं: कुणाचीही नाही. नेटवर्ककडे खरं नाव गेलं, खऱ्या किल्लीने काढलेलं उत्तर गेलं, बिल खऱ्या ग्राहकाच्या नावावर फाटलं. खोटं बोललं गेलं ते फक्त फोनशी, आणि तो फोन खोटं बोलणाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला होता.

त्याच सुमारास दुसरी एक वाट काही लोक चोखाळत होते, आणि तिच्याबद्दल मला इतकं निःशंकपणे बोलता येणार नाही. १९९८च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी मार्क ब्रिसेनो यांच्याबरोबर दाखवून दिलं होतं की जुन्या सिमकार्डांत वापरलेलं कॉम्प-१२८ हे गणित कच्चं आहे. कार्डाला सुमारे दीड लाख प्रश्न विचारले तर उत्तरांवरून आतली गुप्त किल्ली काढता येते, आणि त्याला काही तास पुरतात. हे गणित बंद दाराआड ठरवलं गेलं होतं. जगातल्या तज्ज्ञांना ते तपासू दिलं असतं तर आधीच फेटाळलं गेलं असतं. २००७मध्ये काहींनी हाच जुना शोध उपयोगात आणला. आपल्याच जुन्या कार्डाची किल्ली काढायची, कोऱ्या प्रोग्रामेबल कार्डात ती भरायची, आणि त्या कार्डाला दोन ओळखी शिकवायच्या: आधी एटी अँड टीची, मग आपली. काम होई. पण किल्ली एकदा बाहेर आली की तिची हवी तितकी कार्डं बनतात, आणि दुसऱ्याचं कार्ड घटकाभर हाती आलं तर त्याचीही. टर्बोसिम किल्लीला हात लावत नव्हती. माझ्या मते या दोन वाटांत नीतीचा फरक आहे तो इथे.

वर्तमानपत्रांनी मात्र उचलून धरला तो तिसराच मार्ग. न्यू जर्सीतल्या ग्लेन रॉक गावचा सतरा वर्षांचा जॉर्ज हॉट्झ याने ऑगस्टमध्ये आयफोन उघडला, त्याच्या सर्किटवर डाग देण्याची कथिल-इस्त्री चालवली आणि बेसबँडचा प्रोग्रामच बदलून कुलूप काढलं. इंटरनेटवरचे चार साथीदार त्याच्याबरोबर होते, त्यांतले दोन रशियातले. त्याने कुलूप काढलेला एक फोन केंटकीतल्या एका कंपनीने घेतला आणि बदल्यात त्याला निसान ३५०झेड मोटार आणि तीन नवे आयफोन दिले. सप्टेंबरात निव्वळ सॉफ्टवेअरने कुलूप काढण्याचे उपाय आले, त्यांतला एक हौशी मंडळींच्या आयफोन देव टीमने फुकट वाटला. कथिल-इस्त्री नको, पट्टी नको.

ॲपलने २४ सप्टेंबर २००७ रोजी जाहीर इशारा दिला: अनधिकृत अनलॉकिंगमुळे फोनच्या सॉफ्टवेअरला इजा होते आणि पुढचं अपडेट टाकल्यावर असा फोन कायमचा निकामी होण्याचा संभव आहे. तीन दिवसांनी १.१.१ हे अपडेट आलं आणि अनेकांचे फोन खरोखरच बंद पडले. बेसबँडचा प्रोग्राम बदललेले फोन त्यात सापडले. ऑक्टोबरात टिम कुक यांनी, ते तेव्हा ॲपलचे मुख्य कार्यचालन अधिकारी होते, अंदाज सांगितला की तोवर विकलेल्या सुमारे चौदा लाख आयफोनपैकी अडीच लाख अनलॉक करण्याच्या इराद्याने घेतले गेले असावेत. लगेच एका गिऱ्हाइकाला दोनच फोन, आणि रोख रक्कम चालणार नाही, असे नियम आले.

हे अडीच लाख फोन गेले कुठे? जगभर. त्यांतले काही मुंबईत आले. हाजी अलीजवळचं हिरा पन्ना, क्रॉफर्ड मार्केटशेजारचं मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड: परदेशी माल बिलाविना मिळण्याची ही ठिकाणं कुणाला नवी नव्हती. भारतात आयफोन अधिकृतपणे आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजी, थ्रीजी मॉडेल, एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत. आठ जीबीची किंमत ३१,००० रुपये. अमेरिकेत तोच फोन करारासह १९९ डॉलरला मिळत होता. तिथे निदान सवलत होती म्हणून कुलूप होतं. आपल्याकडे सवलतही नव्हती आणि कुलूप मात्र होतं. पूर्ण पैसे मोजून वर परावलंबन विकत घ्यायचं, हा व्यवहार मला आजही अन्यायाचा वाटतो.

युरोपात हा प्रश्न कोर्टात आणि कायद्यात गेला. जर्मनीत व्होडाफोनने टी-मोबाइलविरुद्ध अंतरिम हुकूम मिळवला आणि नोव्हेंबर २००७मध्ये टी-मोबाइलला काही दिवस कुलूप नसलेला आयफोन ९९९ युरोला विकावा लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला हॅम्बुर्गच्या कोर्टाने तो हुकूम उठवला. फ्रान्समध्ये कायदाच असा होता की ग्राहकाने मागितलं तर कुलूप काढून द्यावं लागे, त्यामुळे ऑरेंज कंपनीला पहिल्या दिवसापासून कुलूप नसलेला आयफोन ठेवणं भाग पडलं. ॲपल, फोन, बेसबँड, सगळं तेच. एका देशात ज्या गोष्टीसाठी मुलं रात्री जागवत होती, ती शेजारच्या देशात दुकानदार रीतसर विकत होता.

पट्टीचं दुसरं पर्व आयफोन ४बरोबर आलं. २०१०च्या उन्हाळ्यात तो निघाला. देव टीमच्या अल्ट्रास्नो या सॉफ्टवेअरने त्याचं कुलूप निघे, पण बेसबँडच्या पहिल्याच आवृत्तीवर. ज्यांनी नकळत अपडेट टाकलं ते अडकले. बेसबँड आता शहाणा झाला होता. आधी एक आणि नंतर दुसरी ओळख दाखवण्याची जुनी युक्ती त्याच्यापुढे चालत नव्हती. २०११मध्ये चीनमधून गेवी नावाची पट्टी बाजारात आली. ती वापरण्याची रीत ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसला नसता. पट्टी आणि कार्ड घाला, सिग्नलची रेघ दिसेपर्यंत थांबा, ११२ हा नंबर फिरवा, फोन लागला की एक-दोन सेकंदांत ठेवून द्या, मग एअरप्लेन मोड चालू करून बंद करा. थोड्या वेळात तुमच्या कंपनीचं नाव पडद्यावर येई.

त्यामागचं तत्त्व विलक्षण होतं. ११२ हा जीएसएमच्या मानकातला आपत्कालीन नंबर. माणूस संकटात असताना त्याचं कार्ड कुठल्या कंपनीचं, बिल भरलं की नाही, हे बघत बसू नये, म्हणून या नंबरासाठी लॉगिनचे नेहमीचे नियम शिथिल ठेवलेले असतात. पट्टीने पुढे केलेल्या परक्या ओळखीला नेटवर्क एरवी उभं करत नव्हतं, पण ११२साठी दार उघडत होतं. त्या किंचित उघडलेल्या दारातून पट्टी तात्पुरत्या ओळखीचा, टीएमएसआयचा, आधार घेई. एअरप्लेन मोडमधून परतलेला फोन त्या तात्पुरत्या ओळखीने लॉगिन करी आणि पडताळणीच्या वेळी पुन्हा खरं कार्ड खऱ्या किल्लीने उत्तर देई. ग्राहकाचा माग कुणाला लागू नये म्हणून केलेली सोय आणि जीव वाचावा म्हणून केलेली सोय, या दोन्ही एका कुलपापायी राबवल्या गेल्या.

पहिल्या टर्बोसिमच्या बाजूने मी जितक्या ठामपणे उभा राहतो तितक्या ठामपणे गेवीच्या बाजूने राहू शकत नाही. ती पट्टी वापरणारा माणूस फोन बंद करून चालू केला की पुन्हा ११२ लावणार. पलीकडे एक माणूस बसलेला असतो. त्याने उचललेला प्रत्येक मुका कॉल हा खरोखर मदत मागणाऱ्या कुणाच्या तरी वाट्याच्या वेळेतून जातो. स्वतःच्या फोनवर हक्क सांगणं वेगळं. त्याची किंमत अनोळखी माणसाच्या संकटातून वसूल करणं वेगळं. दोष वापरणाऱ्याचा आहेच. पण पूर्ण किंमत घेऊन कुलूपबंद वस्तू विकणाऱ्यांनी ही वेळ आणली, हेही तितकंच खरं. बेसबँडच्या पुढच्या आवृत्त्यांनी ही फट बुजवली.

अमेरिकेत दरम्यान वेगळाच खटाटोप चालला होता. तिथे १९९८चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा आहे. कुलूप म्हणजे सॉफ्टवेअर, सॉफ्टवेअर म्हणजे लेखन, आणि लेखनाचं तांत्रिक संरक्षण तोडणं हा गुन्हा. व्यापारी लाभासाठी केला तर पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. सिना खानिफर या विद्यार्थ्याने फोन अनलॉक करून देण्याचा छोटा धंदा काढला होता. त्याला मोटोरोलाच्या वकिलांची या कायद्याखाली नोटीस आली. स्टॅनफर्डच्या वकील जेनिफर ग्रॅनिक यांनी त्याची बाजू पैसे न घेता सांभाळली. या कायद्यातून दर तीन वर्षांनी काही गोष्टींना सूट देण्याचा अधिकार काँग्रेसच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या ग्रंथपालाला आहे. ग्रॅनिक यांनी तिथे दाद मागितली आणि नोव्हेंबर २००६मध्ये फोन अनलॉक करण्याला पहिली सूट मिळाली. म्हणजे पहिला आयफोन दुकानात आला तेव्हा आपल्या वापरासाठी कुलूप काढणाऱ्याला या कायद्याची भीती नव्हती. ॲपल अपडेटची धमकी देऊ शकत होती, तुरुंगाची नव्हे.

२०१२मध्ये ग्रंथपालाने ही सूट पुढे चालू ठेवायला नकार दिला. २६ जानेवारी २०१३नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं पुन्हा बेकायदा ठरलं. खानिफरने व्हाइट हाउसकडे सार्वजनिक अर्ज दाखल केला. एक लाख चौदा हजारांवर लोकांनी त्यावर सह्या केल्या. मार्चमध्ये ओबामा प्रशासनाने अर्जदारांची बाजू मान्य केली, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्षांनी सही केलेल्या कायद्याने ती सूट परत आणली. ग्राहकाला आपला फोन दुसऱ्याकडून अनलॉक करून घेण्याची मुभाही त्यात मिळाली. कुलूप लावायला मात्र या कायद्याने कंपन्यांना बंदी केली नाही. तेवढं पाऊल इतरांनी टाकलं: कॅनडाने १ डिसेंबर २०१७पासून, जपानने १ ऑक्टोबर २०२१पासून आणि ब्रिटनने त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून कुलूपबंद फोन विकणंच थांबवलं.

पट्ट्या अजून संपलेल्या नाहीत. आर-सिम आणि तिच्या बहिणी चीनमध्ये बनतात, अमेरिकेतले आणि जपानमधले कुलूपबंद जुने आयफोन शेन्झेनच्या बाजारात येतात, पट्टीसकट पुढे विकले जातात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४पासून सिमची खाचच नाहीशी झाली. तिथे ई-सिम असतं आणि कार्ड व फोन यांच्या मध्ये पट्टी सरकवायला जागाच उरत नाही. कुलूप मात्र तिथे आहे.

म्हणून परदेशातून आलेला वापरलेला आयफोन घेणाऱ्या वाचकांना एक विनंती. पैसे देण्याआधी सिमचा ट्रे बाहेर काढा आणि कार्डाखाली पातळ पट्टी नाही ना ते पाहा. मग सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट उघडा. तिथे कॅरिअर लॉकसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं लिहिलेलं दिसलं तरच तो फोन पूर्ण किमतीला घ्या.